भांडण दोघांचे, वही सगळ्यांची

मी पंचविशीत होतो तेव्हा आम्ही चौघे मित्र कवितेचे एक अनियतकालिक काढत होतो. एका कवितेवरून दोघांत खटका उडाला, तो वाढत गेला. ज्याच्या घरी वर्गणीदारांची वही आणि आलेल्या साहित्याची फाईल होती, त्याने ती दिली नाही. आम्हीही ताठ्यात पुन्हा मागायला गेलो नाही. अंक बंद पडला. भांडणाचे आज काही वाटत नाही, त्या वहीचे मात्र वाटते. भांडण दोघांचे होते, वही सगळ्यांची होती.

ही आठवण सांगायला कारण आहे. हल्ली मी ज्या सॉफ्टवेअरवर कविता टाइप करतो, त्याचे नाव लिबरऑफिस. तेही अशाच एका बेबनावातून जन्माला आले. पण तिथे काम बंद पडले नाही. का पडले नाही, हे मी माझ्या कुवतीने समजून घेतले. तेच आज सांगतो.

कोणताही प्रोग्राम आधी माणसाला वाचता येईल अशा ओळींत लिहिला जातो. त्याला सोर्स कोड म्हणतात. पुष्कळ कंपन्या तो कुलपात ठेवतात. हॉटेलवाला मिसळ देतो, मसाल्याचे प्रमाण सांगत नाही, तसेच हे. ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मात्र ताटाबरोबर कृतीही हातात मिळते. परवान्याच्या अटी पाळून ती वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. त्यामुळे देशोदेशीची माणसे, कोणी पगारी तर कोणी हौसेने, एकच प्रोग्राम मिळून घडवतात. अनेकांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते. मग मतभेद होणारच.

ते मिटले नाहीत, तर शेवटचा उपाय म्हणजे कोडची प्रत घेऊन स्वतंत्र काम सुरू करणे. त्याला 'फोर्क' म्हणतात. मला आपला शब्द जवळचा वाटतो, वेगळी चूल. आपल्याकडे वेगळी चूल मांडताना भांडीकुंडी वाटून घ्यावी लागतात. इथे दोघांनाही सगळी भांडी मिळतात आणि कोणाचे काही कमी होत नाही. वाटता येत नाही ते फक्त घराचे नाव.

लिबरऑफिसचे असेच झाले. जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सकडे आले आणि २००० साली सनने त्याचा कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस घडले. पण बाहेरून काम करणाऱ्यांची गाऱ्हाणी होती. आपण लिहिलेल्या कोडच्या स्वामित्वहक्कात कंपनीला भागीदार करून घ्यावे लागे. सुचवलेल्या सुधारणा रेंगाळत. २०१० च्या जानेवारीत सन कंपनीच ओरॅकलने विकत घेतली आणि पुढे काय, ही चिंता वाढली.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला कार्यकर्त्यांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही स्वतंत्र संस्था जाहीर केली. पण निघताना त्यांनी दार आपटले नाही. तुम्हीही या, असे निमंत्रण ओरॅकलला दिले आणि ओपनऑफिस हे नाव संस्थेला द्यावे, अशी विनंती केली. तोवर कामापुरते म्हणून लिबरऑफिस हे नाव घेतले. जुने नाव मिळाले नाही. कामापुरते घेतलेलेच कायमचे झाले. २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनकडे सोपवले. दोन चुली पुन्हा एक झाल्या नाहीत, हेही खरे. वेगळे होण्याची किंमत असतेच. एकच दुरुस्ती दोन घरांत दोनदा करावी लागते.

नव्या घरात त्यांनी आधी उंबरा खाली आणला. स्वामित्वहक्काची ती अट काढून टाकली. नवख्यांसाठी सोप्या कामांची यादी केली. त्यातले एक काम मला फार आवडले. कोडमध्ये पुढच्या माणसासाठी टिपा लिहिलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच जुन्या टिपा जर्मन भाषेत होत्या. जर्मन न येणाऱ्याला त्या कळायच्या कशा? मग स्वयंसेवकांनी थोड्या थोड्या ओळी वाटून घेऊन त्या इंग्रजीत आणल्या. हे काम बरीच वर्षे चालले. घरी दखनी आणि शाळेत मराठी, अशा दोन भाषांत वाढलेल्या मला त्याचे मोल लगेच कळले. एकमेकांचे बोलणेच कळत नसेल, तर सहकार्य कसले?

दरवेळी वेगळी चूलच मांडावी लागते असे नाही. पायथन या संगणकभाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांना त्यांचे सहकारी गमतीने 'आजन्म दयाळू हुकूमशहा' म्हणत. वाद झाला की अखेरचा शब्द त्यांचा. २०१८ साली एका छोट्याशा नव्या चिन्हावरून इतका कडवट वाद झाला, की निर्णय त्यांच्या बाजूने लागूनही जुलैमध्ये त्यांनी पद सोडले. वारस नेमला नाही. तुमचे तुम्ही ठरवा, म्हणाले. सहकाऱ्यांनी कारभाराचे सात आराखडे लिहून काढले, मतदान घेतले आणि निवडून आलेल्या पाच जणांच्या मंडळाचा आराखडा स्वीकारला. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य त्यात नसावेत, असा नियम केला. २०१९ च्या पहिल्या मंडळात स्वतः गिडोही निवडून आले, पण पाचांपैकी एक म्हणून.

हे लोक आपल्याहून शांत स्वभावाचे आहेत, असे मुळीच नाही. तेही चिडतात, टोचून बोलतात, रुसतात. फरक एवढाच की वही कोणा एकाच्या कपाटात नसते. आणि समोरचा उठून जाऊ शकतो, हे ठाऊक असल्यामुळे त्याचे ऐकूनही घ्यावे लागते.

मध्यंतरी काही तरुण कवी नवे अनियतकालिक काढायचे म्हणून सल्ला विचारायला आले. कवितेविषयी मी काही बोललो नाही. म्हटले, वर्गणीदारांच्या वहीची प्रत प्रत्येकाकडे असू द्या. मतभेद झाला तर निर्णय कसा घ्यायचा, ते पहिल्या अंकाआधी लिहून ठेवा.

त्यातला एक हसून म्हणाला, "सर, भांडायच्या आधीच भांडणाचं लिहायचं?"

मी म्हटले, "हो बाबा. तेव्हाच लिहिता येतं. नंतर कोणी कोणाच्या घरी जात नाही."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)