पालाशाची वाट

नत्र, स्फुरद, पालाश ही खतांची त्रिमूर्ती शेतकऱ्याच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. पालाश म्हणजेच पोटॅशियम. आपल्या आज्या चुलीतल्या ज्या राखेनं भांडी घाशीत, तिच्यातही ते असे. १८०७ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानं वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून हा मऊ, चंदेरी धातू प्रथम वेगळा केला. आता त्याच्याच आधारे वीज साठवण्याचा खटाटोप चालू आहे. कारण उघड आहे. भूकवचात लिथियमपेक्षा पोटॅशियम शेकडो पटींनी अधिक आहे.

मग अडतं कुठं? वाटेवर. बॅटरी वीज देते तेव्हा इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेनं जातात आणि धातूचे धनभारित कण, म्हणजे आयन, आतून पलीकडे जातात. मधला पदार्थ म्हणजे इलेक्ट्रोलाइट. तो आयनांना सोडतो, इलेक्ट्रॉनांना अडवतो. मी नोकरीत असताना बँकेच्या काउंटरला जाळी असे. तिच्यातून नोटा जात, माणूस जात नसे. तसंच हे!

आजच्या बहुतेक लिथियम बॅटऱ्यांत हा पदार्थ द्रव आणि ज्वालाग्राही असतो. २०२२ साली आपल्याकडे विजेच्या स्कूटरी पेटल्याच्या बातम्या वाचकांना आठवत असतील. पोटॅशियम तर पाणी लागताच पेट घेणारं. म्हणून संशोधकांना ही जाळी घन हवी आहे.

पण घन पदार्थातून आयन धावणार कसा? १९६० च्या दशकात अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. बीटा-ॲल्युमिना या चिनी मातीसारख्या टणक पदार्थाच्या थरांमधल्या मोकळ्या जागेतून सोडियमचे आयन सहज पळतात. अंगानं थोराड पालाश मात्र तिथं रखडतो. म्हणून रुंद बोगद्यांचे स्फटिक आणि लवचिक बहुवारिकं यांचा शोध चालू आहे. शिवाय दोन घन पदार्थ नुसते टेकून भागत नाही. बॅटरी भरताना-रिकामी होताना ते फुगतात, आकसतात, मध्ये फट पडते आणि आयनांची वाट तुटते.

पालाश विपुल आहे खरं, पण आपण पालाशयुक्त खत जवळजवळ सगळंच परदेशातून आणतो. खाण कुणाच्या अंगणात असावी, हे आपल्या हाती नाही. ही जाळी विणण्याची विद्या मात्र प्रयोगशाळेत मिळते, आणि तिथं आपल्या मुलांना कुणी अडवलेलं नाही.