पन्नास मीटरवरून दिसणारी भेग

2 डिसेंबर 2012 रोजी जपानच्या सासागो बोगद्यात छताखाली टांगलेले काँक्रीटचे जड तक्ते कोसळले. 9 जण दगावले. तक्ते ज्या बोल्टांवर लटकत होते, ते वरच्या काँक्रीटमध्ये चिकटद्रव्याने बसवलेले होते. तपासणी त्याच वर्षी सप्टेंबरात झाली होती. पण त्या उंचीवर कुणी हातोडी मारून आवाज ऐकला नव्हता, नुसती नजर टाकली होती. पुढे 2014 मध्ये जपानने नियम केला: देशातल्या सुमारे 7 लाख पुलांची आणि सगळ्या बोगद्यांची दर 5 वर्षांनी तपासणी, तीही हात पोहोचेल इतक्या जवळून.

नियम चांगला, पण प्रत्येक खांबाला परांची बांधायची आणि रस्ता बंद ठेवायचा म्हणजे खर्चाचं काम. 2019 मध्ये सूचना बदलल्या. जवळून पाहण्याइतकीच खात्री देणारी दुसरी पद्धत असेल तर तीही चालेल, असं ठरलं, आणि कॅमेऱ्याला वाट मिळाली.

कॅमेरा पुरेसा जवळ आहे की नाही, हे अंतरावर कमी आणि पिक्सेलवर जास्त ठरतं. साडेचार कोटी पिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा 600 मिलिमीटरची लेन्स लावून 50 मीटरवर उभा केला, तर एका पिक्सेलमध्ये भिंतीचा जेमतेम 0.36 मिलिमीटर भाग येतो. एका फोटोत मावते 3 बाय 2 मीटर भिंत. म्हणजे अख्ख्या खांबासाठी फोटोंची गोधडीच शिवावी लागते. काँक्रीटसाठीचं आपलं आयएस 456 हे मानक एरवी 0.3 मिलिमीटरपर्यंतची भेग चालवून घेतं, सतत ओल असेल तिथे 0.2. भेग पिक्सेलहून बारीक असली तरी फोटोत उमटते, कारण तिच्यामुळे तो पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा काळवंडतो. मात्र तेवढ्यावरून तिची रुंदी सांगणं धाडसाचं. त्यासाठी अंतर निम्मं करावं, नाहीतर जास्त पिक्सेलचा कॅमेरा आणावा.

बाकी अडचणी साध्याच. दुपारच्या झळांनी चित्र थरथरतं, वाऱ्याने ट्रायपॉड हलतो. भेगा शोधणारं सॉफ्टवेअर कोळ्याच्या जाळ्याला आणि शटरिंगच्या सांध्यालाही भेग म्हणतं. शेवटी कुणीतरी अनुभवी इंजिनिअर स्क्रीनपुढे बसतोच.

खरा फायदा आहे तो जुन्या फोटोशी नवा फोटो ताडून पाहण्यात. कोयना धरणाची भिंत 103 मीटर उंच. 1967 च्या भूकंपात तिला आडवे तडे गेले होते. अशा भिंतीवर कोणती भेग किती सरकली, गंजाचा किंवा पांढऱ्या क्षाराचा नवा ओघळ कुठे आला, हे दोरावर लटकलेल्या माणसाच्या वहीपेक्षा त्याच जागेवरून काढलेले फोटो नेमकं सांगतील.

पण सासागोच्या बोल्टांची पकड सुटली होती काँक्रीटच्या आत, भोकांमध्ये. तिथे हा कॅमेरा नेला असता तर त्याने स्वच्छ, सुरेख फोटो काढले असते. म्हणून जे निखळलं तर थेट माणसांच्या डोक्यावर पडेल, त्याखाली परांची बांधावीच लागेल आणि हातोडी घेऊन वर चढावंही लागेल. कॅमेऱ्याने वाचवलेला पैसा तिथे खर्च करावा.