जयंतीची नानकटाई

दिवाळीच्या तोंडावर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडच्या बेकऱ्यांसमोर एक ओळखीचे दृश्य दिसते. एका हातात पत्र्याचा डबा आणि दुसऱ्या हातात मैदा, रवा, पिठीसाखर, तूप अशी पिशवी घेऊन बायका नंबर लावून बसलेल्या असतात. किलोमागे मजुरी ठरते, बेकरीवाला पीठ मळून देतो, आणि थोड्या वेळाने भट्टीतून तांबूस नानकटाईचे पत्रे बाहेर येतात. कोल्हापुरातही हा रिवाज घराघरांत मुरला आहे. आमच्या वस्त्यांतल्या भगिनीही त्या रांगेत असतात. मग हा डबा १४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला का भरू नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रश्न साधा वाटेल, पण तो क्षुल्लक नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवसापासून जुने देव आणि त्यांचे विधी आम्ही मागे टाकले. थोरांना त्यामागचा विचार समजला होता. लहानांचे तसे नसते. शेजारच्या घरात चकली तळली जात असताना आपल्या घरात काय आहे, असे मूल विचारणारच. त्याला भाषणाने उत्तर देता येत नाही. सण मुलाच्या आधी नाकात आणि जिभेवर बसतो, मग डोक्यात उतरतो. आमचे सण वयाने लहान आहेत. त्यांना त्यांचा स्वतःचा वास आणि चव मिळवून देणे हे घरातल्या मोठ्या माणसांचे काम आहे.

बुद्ध पौर्णिमेला खीर होते. सुजातेने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची ती आठवण आहे आणि ती तशीच राहावी. परंतु वैशाखाच्या उन्हात खीर संध्याकाळपर्यंत टिकत नाही, आणि ती कागदात बांधून शाळेत किंवा कचेरीत नेता येत नाही. जयंतीच्या रात्री चौकात मोठा केक कापला जातो, तो गर्दीत पुढे असलेल्यांना मिळतो. म्हातारी आई आणि बाळंतीण घरीच राहतात. नानकटाई मात्र बंद डब्यात पंधरा दिवस टिकते, मोजून वाटता येते आणि प्रत्येकाला सारखीच मिळते.

भाकरीचा जुना हिशोब

अन्न देण्याघेण्याला आमच्या समाजात मोठा इतिहास आहे. गावकीची कामे करायची आणि त्याच्या बदल्यात दारोदार भाकरी मागून आणायची, ही महार वतनाची रीत होती. भाकरी हातात दिली जात नसे, वरून टाकली जात असे. पाणीही वरून ओतले जात असे. देणाऱ्याचा हात उंच आणि घेणाऱ्याची ओंजळ खाली, असा तो व्यवहार. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द केले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा तो लढा याच ओंजळीसाठी होता.

भट्टीच्या पदार्थांनाही सोवळ्याओवळ्याने सोडले नव्हते. पाव हा शब्दच पोर्तुगिजांकडून आलेला, म्हणून पाव-बिस्किटे म्हणजे परधर्मीयांच्या हातचे खाणे असा समज होता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी एका सभेला गेली. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. त्या चहावरून शहरात ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांच्या गोष्टी झाल्या. थोर विद्वानांवर चहाच्या एका पेल्यामुळे ही वेळ आली, तर ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांच्या वाट्याला काय येत असेल, हे वेगळे सांगायला नको.

याच कोल्हापुरात त्याचे उत्तरही दिले गेले. गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा करण्यास बळ दिले. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम यांचे 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. तेथे जाऊन महाराज स्वतः चहा पीत आणि बरोबरच्यांनाही तो घ्यायला लावत. राजाने चहा पिला, मग सरदार नाही कसे म्हणणार? पुढे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावची परिषद झाली. तेथील भाषणात महाराजांनी बाबासाहेबांना आपल्या रजपूतवाडीच्या कॅम्पवर भोजनाचे आमंत्रण दिले. हुकूम आणि कायदा आपल्या जागी मोठेच आहेत, पण एका पंक्तीला बसून खाणे ही त्यांची कसोटी असते, हे महाराज ओळखून होते.

नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, हेही बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या प्रबंधात बजावून ठेवले आहे. त्यामुळे एका नानकटाईने जात जाईल, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो ते इतकेच, की पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या ओंजळीत वरून पडत आले, त्या घरातल्या मुलाने आपल्या घरचा पदार्थ सरळ हाताने शेजाऱ्याच्या हातात द्यावा. देण्याची सवय अंगात मुरणे हा स्वाभिमानाचाच एक धडा आहे.

घरी करायची कशी

नानकटाईचे मूळ सुरतेला सांगतात. डच लोकांची भट्टी पुढे पारशी बेकरीवाल्याच्या हाती आली आणि तेथून हा पदार्थ पसरला, अशी हकीकत आहे. आता तो सगळ्यांचा झाला आहे.

साधारण पंचवीस नगांसाठी मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, साजूक तूप १५० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, चिमूटभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा-जायफळाची पूड घ्यावी. तूप थिजलेले असावे, पातळ नको. परातीत तूप आणि पिठीसाखर हाताने एकाच दिशेने फेसावी. रंग पांढुरका होऊन मिश्रण हलके झाले की चाळलेले मैदा-बेसन, सोडा आणि मीठ घालून हलक्या हाताने गोळा करावा. पाणी घालू नये. पाण्याने मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई खुसखुशीत होत नाही. फार मळले तरी तेच होते. लिंबाएवढे गोळे करून किंचित दाबावे आणि मध्ये अंतर ठेवून पत्र्यावर मांडावे.

ओव्हन असेल तर १७० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे पुरतात. नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी आणि झाकण लावून दहा मिनिटे मंद आचेवर कढई तापू द्यावी. मग ताटली आत ठेवून वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. कडा तांबूस झाल्या की बाहेर काढावे. गरम असताना नानकटाई मऊ लागते, म्हणून कच्ची राहिली असे वाटून पुन्हा भाजू नये. गार झाल्यावर ती आपोआप कडक होते.

स्वस्त पडते म्हणून वनस्पती तूप वापरण्याचा मोह होतो. त्यातील ट्रान्स फॅट हृदयाला अपायकारक असते. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातील ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा सरकारी नियम आहे. तरीही सणाचा पदार्थ लहान मुले खाणार, तेव्हा थोडी कमी करा पण तुपाची करा. आपला कोल्हापुरी गूळ तर २०१४ पासून भौगोलिक मानांकनाचा धनी आहे. पिठीसाखरेऐवजी गुळाची पूड घालून पाहावी. रंग गडद येतो आणि भाजणीही लवकर होते, म्हणून आच थोडी कमी ठेवावी.

नक्षी आणि रंग

नानकटाई फुलते आणि तिला भेगा पडतात, त्यामुळे तिच्यावर नक्षी टिकत नाही. सजवायची असेल तर साखरेची सपाट बिस्किटे करावी. २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि गोळा होण्यापुरते दोन-तीन चमचे दूध घ्यावे. यात सोडा घालायचा नाही, म्हणजे आकार पसरत नाही. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये किंवा थंड जागी ठेवावा. मग अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटावी. पिंपळाच्या पानाचा आकार जाड कागदावर कापून पोळीवर ठेवावा आणि सुरीच्या टोकाने पान काढावे. गोल बिस्किटांना वाटीची कड चालते. १७० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटांत ती तयार होतात.

पूर्ण गार झाल्यावरच वर साखरेचा लेप द्यावा. १०० ग्रॅम पिठीसाखरेत चमच्या-चमच्याने दूध घालून दाट लेप करावा. निळ्या रंगासाठी गोकर्णाची दहा-बारा सुकी फुले दोन चमचे गरम पाण्यात भिजवावी आणि ते गाळलेले पाणी दुधाऐवजी वापरावे. त्यात लिंबू पिळू नये, निळ्याचा जांभळा होतो. पिवळ्याला चिमूटभर हळद, लालसर रंगाला बिटाचा रस आणि केशरीला त्याच दोहोंचे थोडे मिश्रण. दुकानातला रंग घ्यायचा असेल तर खाण्याचा, पाकिटबंद आणि छापील परवाना क्रमांक असलेला घ्यावा, आणि थेंबभरच घालावा.

लेप कागदाच्या कोनात भरून गोल बिस्किटावर चक्र काढावे. अशोकचक्राच्या चोवीस आऱ्या एवढ्याशा जागेत बसत नाहीत. धम्मचक्राच्या आठ आऱ्या सहज बसतात. मुलांकडून त्या काढून घ्या आणि प्रत्येक आरीला अष्टांगिक मार्गातील एकेक अंग म्हणवून घ्या. सम्यक दृष्टीपासून सम्यक समाधीपर्यंत येता येता बिस्किटही पुरे होते आणि पाठही होतो. पंचरंगी ध्वजाचे निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे पाच पट्टे पानावर शोभतात.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. भगवान बुद्धांचा किंवा बाबासाहेबांचा चेहरा बिस्किटावर किंवा केकवर काढू नका. ज्यांच्यापुढे आपण हात जोडतो, त्यांच्या चेहऱ्यावर सुरी फिरवायची आणि दात लावायचे, हे मनाला पटत नाही. पान, चक्र, पुस्तक, पेन ही चिन्हे पुरेशी बोलकी आहेत.

कुणाला आणि कसे द्यायचे

९ डिसेंबर १९५० रोजी कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले यांच्या पुतळ्यासोबत बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. बाबासाहेब हयात असताना उभारलेला तो पुतळा. भाई माधवराव बागल यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. जयंतीला तेथे अभिवादनासाठी रीघ लागते. अभिवादन करून घरी परतलो की पहिला डबा शेजारी जावा असे आम्हांला वाटते. शेजारी कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, याचा विचार करू नये. दिवाळीला त्यांचे ताट आपल्याकडे येते. जयंतीला आपले ताट त्यांच्याकडे जाऊ द्या. कुणी घेऊन बाजूला ठेवील, कुणी खाईल, कुणी कारण सांगून परत करील. परत आले तर मुलांसमोर चिडू नका. आपण काय दिले ते मुलांना सांगा, आणि पुढल्या वर्षी पुन्हा द्या. देणे आपल्या हातात आहे, घेणे त्यांच्या.

दुसरा डबा विहारात जावा. वंदना झाल्यावर धडधाकट माणसांनी आधी घेऊ नये. वयस्कर, लहान मुले आणि झाडलोट करणारे यांना आधी द्यावे. तिसरा डबा कामाच्या ठिकाणी आणि शाळेत जावा. मूल वर्गात वाटते तेव्हा चौदा एप्रिल म्हणजे काय, हे त्याला चार वाक्यांत सांगता आले पाहिजे, तेवढी तयारी घरी करून घ्यावी. नामकरण, गृहप्रवेश, परीक्षेचा निकाल आणि २६ जूनची शाहू जयंती हे प्रसंगही या डब्याला योग्य आहेत.

६ डिसेंबरला मात्र असे काही करू नये. तो दुःखाचा दिवस आहे. कोल्हापूरहून चैत्यभूमीला निघणाऱ्यांच्या पिशवीत चटणी-भाकरी आणि साधी बिस्किटे असावीत, नक्षीची नकोत.

ज्या भगिनींचा हात यात बसेल, त्यांनी चार जणींचा बचत गट करून जयंतीच्या आधी पंधरा दिवस ऑर्डरी घ्यायला हरकत नाही. विक्री करायची तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी, डब्यावर बनवल्याची तारीख आणि जिन्नस लिहावेत, आणि तुपाचे सांगून वनस्पती घालू नये. पाचवे शील सांभाळताना चौथेही विसरून चालणार नाही.

यंदाच्या जयंतीला नानकटाईचा एक तरी पत्रा घरी भाजा. वाटायचे काम मुलांकडे द्या. जाताना त्यांना इतकेच सांगा, की देताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहायचे, हसून जयभीम म्हणायचे आणि नानकटाई त्याच्या हातात ठेवायची.