ग्रामपंचायतीचे पंच आणि समन्यायाचें शिक्षण

पाटाच्या तोंडाशीं असलेल्या शेतास पाणी मुबलक मिळतें व शेवटच्या शेतापर्यंत पोंचतां पोंचतां पाट कोरडा पडतो, हें कोणाही शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. पाटकरी दुष्ट असतो असें नव्हे. वाट बांधून दिली नाहीं तर पाणी जवळच्या जमिनींतच मुरावयाचें, हा त्याचा धर्मच आहे. गांवच्या कारभाराचीही हीच गत असते. पंचायतीकडे येणारा पैसा, नळाचें पाणी, रस्त्याचा मुरूम, दिव्याचा खांब हीं सर्व जेथें वजनदार माणसांची वस्ती असते तेथें आधीं मुरतात. आणि गांवकुसाबाहेरील वस्ती, डोंगरावरील वाडी व मळ्यांतील सालगड्याचें खोपट हीं कोरडीं राहतात. पंचांचा हेतु वाईट असतोच असें नाहीं. परंतु पाणी शेवटपर्यंत नेण्यास जशी पाळ्यांची शिस्त लागते, तशीच ती कारभारांतही लागते, आणि शिस्त ही शिकल्यावांचून येत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण स्वतः पंच, सरपंच किंवा सोसायटीचे संचालक असतात; म्हणून हा विषय त्यांच्यापुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

कायदा काय देतो

मुंबई इलाख्यांत ग्रामपंचायतींचा पहिला कायदा 1920 सालीं झाला व दुसरा 1933 सालीं. स्वातंत्र्यानंतर 1958 चा अधिनियम आला आणि पुढें वेळोवेळीं सुधारला जाऊन तोच महाराष्ट्रांत चालू आहे. परंतु खरा टप्पा म्हणजे 73 वी घटनादुरुस्ती होय. ती 1992 सालीं संमत होऊन 24 एप्रिल 1993 पासून अमलांत आली. तिनें अनुसूचित जाति व जमाति यांस लोकसंख्येच्या प्रमाणांत आणि स्त्रियांस निदान एक तृतीयांश जागा राखून दिल्या. महाराष्ट्रानें 2011 सालीं स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. शिवाय पंचायतीनें आपल्या उत्पन्नांतून 15 टक्के मागासवर्गीयांसाठीं, 10 टक्के स्त्रिया व बालकें यांच्यासाठीं व 5 टक्के अपंगांसाठीं खर्च करावे असा दंडक आहे. आणि ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविण्याचीही तरतूद आहे.

कागदावर याहून अधिक काय पाहिजे? परंतु खुर्ची मिळाली म्हणजे कारभार हातीं आला असें होत नाहीं. सरपंचपदीं बाई निवडून यावी, तिनें कागदावर सही करावी व बोलणें मात्र सर्व तिच्या यजमानांनीं करावें, हा प्रकार आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. दहा टक्के रक्कम वर्षअखेरीस घाईनें कांहींतरी वस्तु खरेदी करून संपविली जाते, आणि ज्यांच्यासाठीं ती खर्चावयाची त्यांस कोणी विचारलेलेंही नसतें. येथें कायदा मोडला जात नाहीं. परंतु त्याचा जीवही राहत नाहीं.

ठराव आणि वहिवाट

ठराव व वहिवाट यांत केवढें अंतर असतें, याचा धडा महाडच्या चवदार तळ्यानें साऱ्या देशास दिला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळे असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत 1923 सालीं रावबहादुर बोले यांच्या प्रयत्नानें संमत झाला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें 1924 सालीं तळें खुलें केल्याचा ठराव केला. तथापि तळ्यावर जाण्याची कोणास सोय झाली नाहीं. अखेर 20 मार्च 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हजारो लोकांसह तेथें जाऊन पाणी घेतलें. त्याच वर्षीं नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला, आणि हक्काचा शेवटचा निकाल मुंबईच्या हायकोर्टांतून मिळण्यास 1937 साल उजाडावें लागलें.

यांतून बोध असा कीं, ठराव करणारांनीं तो उद्यां सकाळीं पाणवठ्यावर कसा पाळला जाईल, कोण अडवील व अडविल्यास आपण काय करूं, याचा विचार केला नाहीं तर ठराव हा शाईचा डाग होय. पंचांचें शिक्षण येथून सुरू झालें पाहिजे.

समान आणि समन्यायी

येथें एका शब्दाचा खुलासा करणें अवश्य आहे. समान वांटणी व समन्यायी वांटणी या एक नव्हेत. समजा, गांवांत सर्वांस एक तास नळ सोडला जातो. टाकीजवळ सखल भागांत राहणाऱ्याचें पिंप अर्ध्या तासांत भरतें. उंचावरील वस्तींत नळीच्या टोकाशीं राहणाऱ्या बाईची घागरही भरत नाहीं. वेळ समान, पाणी मात्र असमान. समन्याय म्हणजे घड्याळ न पाहतां घागर पाहणें.

शेतीच्या पाण्यांत याचा उत्तम नमुना आपल्याच प्रांतीं आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या इंजिनियर गृहस्थांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें पाणी पंचायतीचा उपक्रम उभा केला. तेथील नियम विचार करण्याजोगे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां कुटुंबांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें. दर माणशीं अर्ध्या एकराचें व एका कुटुंबास फार तर अडीच एकरांचें. ऊस लावावयाचा नाहीं. आणि ज्यास जमीन नाहीं त्यासही पाण्याचा हक्क आहे. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करणें ही गोष्ट जमीनदार शेतकऱ्याच्या कानास कडू लागते हें आम्ही जाणतों. परंतु दुष्काळी मुलखांत हीच वांटणी गांवास धरून ठेवणारी ठरली. पुढें 2005 सालीं सिंचन व्यवस्थापनाचा जो कायदा महाराष्ट्रांत झाला, त्यांत पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळावर पाटाच्या तोंडाचे, मधले व शेवटचे अशा तिन्ही भागांस सारखें प्रतिनिधित्व दिलें, तें याच विचारास धरून होय. पंचायतीच्या कारभारासही हीच दृष्टि लावावयाची आहे.

शिक्षण कसें असावें

पंचांच्या प्रशिक्षणाचें काम महाराष्ट्रांत पुणें येथील यशदा या संस्थेकडे आहे. केरळांत 1996 सालीं लोकयोजनेची मोहीम निघाली, तेव्हां राज्याच्या योजनेंतील 35 ते 40 टक्के रक्कम स्थानिक संस्थांच्या हातीं देण्यांत आली. आणि केवळ पैसा देऊन न थांबतां पंच, नोकर व स्वयंसेवक यांचे शिक्षणवर्ग मोठ्या प्रमाणावर भरविले गेले. पैशाबरोबर शिक्षण गेलें पाहिजे, हा त्यांतील ग्राह्य भाग होय.

परंतु तालुक्याच्या दिवाणखान्यांत व्याख्यान ऐकून, जेवून, हजेरीपत्रकावर सही करून परतणें यास आम्ही शिक्षण म्हणत नाहीं. नांगर धरण्याची विद्या जशी शेतांतच येते, तशी ही विद्या गांवांतच येते. पुढील अभ्यास प्रत्येक पंचायतीनें स्वतः करण्याजोगे आहेत.

(1) गांवफेरी. सर्व पंचांनीं मिळून गांव पायीं फिरावा व आरंभ शेवटच्या वस्तीपासून करावा. नळ, दिवा, गटार व रस्ता कोठें संपतो तें नकाशावर मांडावें. नकाशा पुढें ठेवला म्हणजे वाद निम्मा मिटतो.

(2) हिशेबाची दुसरी बाजू. जमाखर्चाच्या वहींत किती खर्चिलें हें असतें, कोणासाठीं खर्चिलें हें नसतें. गेल्या तीन वर्षांचीं कामें वस्तीवार लिहून काढावीं. कोणती वस्ती तीन वर्षें कोरडी राहिली हें तेव्हांच दिसतें.

(3) सभेची वेळ. दुपारची सभा मजुरास रोज बुडवून गांठावी लागते व संध्याकाळची सभा चुलीशीं असलेल्या बाईस गांठतां येत नाहीं. सुगीच्या दिवसांत तर बोलावयासच नको. वेळ ठरवितांना ज्यांची अडचण सर्वांत मोठी त्यांस आधीं विचारावें. आणि दवंडी चावडीपुरती न देतां प्रत्येक वस्तींत द्यावी.

(4) बोलण्याची पाळी. स्त्रियांच्या सभेंत जें ठरलें तें ग्रामसभेंत प्रथम वाचावें व इतिवृत्तांत त्यांच्या शब्दांत लिहावें. सरपंच बाई असतील तर प्रश्न त्यांसच विचारावा व उत्तर त्यांच्याच तोंडून घ्यावें. पहिल्या दोन सभा जड जातील, तिसरी जाणार नाहीं.

(5) नोकराचें शिक्षण. पाणी सोडणारा शिपाई, पट्टी वसूल करणारा कारकून व सचिव यांच्या हातून रोजचा न्याय अगर अन्याय होतो. पाण्याच्या पाळीचा तक्ता चावडीवर लावावा, आणि शेवटच्या नळास पाणी पोंचल्याची सही शेवटच्या घरांतील माणसाकडून घ्यावी.

यांतील एकाही गोष्टीस सरकारी अनुदान लागत नाहीं.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, “घरपट्टी आम्ही अधिक भरतों, तर सोयीही आम्हांस अधिक नकोत काय?” हा आक्षेप उडवून देण्याजोगा नाहीं. परंतु पंचायतीकडे येणारी मोठी रक्कम पट्टींतून येत नसून सरकारी अनुदानांतून येते, व तें अनुदान साऱ्या गांवासाठीं असतें. दुसरें असें कीं, ज्या घरीं पाणी येत नाहीं त्या घराकडून पाणीपट्टी मागण्यास वसुली कारकुनास तोंड राहत नाहीं; थकबाकी वाढते व अखेर नळयोजनाच बंद पडते, मग वाड्यावरच्या नळासही पाणी नाहीं. तिसरें, वस्तींतील घाण पाण्यानें आलेला रोग गांवकूस ओळखत नाहीं. आणि ऐन काढणींत मजूर अंथरुणाला खिळला तर नुकसान कोणाचें होतें हें शेतकऱ्यास शिकवावयास नको.

सर्वांत मोठी गोष्ट पुढेंच आहे. कालव्यावर बहुतेक शेतकरी आपण स्वतः शेवटच्या टोकाचे आहों. वरचे लोक पाणी ओढतात, चारी फोडतात, आणि आपण न्यायासाठीं अर्ज करतों, मोर्चे नेतों. जो न्याय आपण कालव्यावर मागतों तोच आपल्या गांवांतील शेवटच्या घरास नाकारला, तर आपल्या अर्जास वजन तें काय राहणार?

आमची सूचना एवढीच आहे. पुढील ग्रामसभेपूर्वीं आमच्या वाचकांनीं आपल्या पंचांस बरोबर घेऊन एकदां गांवफेरी करावी, नकाशा तयार करावा व तो सभेपुढें ठेवावा. त्यांतून जें एक काम सर्वांत मागें पडलेलें दिसेल तें त्या वर्षाच्या आराखड्यांत पहिल्या क्रमांकास घालावें. एका वर्षीं एक वस्ती ओली झाली तरी पुरे. पाट एकदां टोकापर्यंत गेला म्हणजे पुढें तो राखणें हें तुलनेनें सोपें काम आहे.