'नाही' म्हणायला शिकूया

"ताई, या महिन्याचा हप्ता पुढच्या महिन्यात भरला तर चालंल का?" बचत गटातल्या एका मैत्रिणीने मला बाजूला घेऊन विचारलं. खोदून विचारल्यावर कळलं, कर्ज हिच्या नावावर, पैसे मात्र जावेने नेलेले. हप्ते जातायत हिच्या शिलाईतून. "घरचंच माणूस, नाही कसं म्हणायचं?"

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींची हीच गत! तोंडातून 'हो' निघून जातं आणि मग जीव चरफडत राहतो. तो राग निघतो भांड्यांवर, नाहीतर लेकरांवर. मीही त्यातलीच. बैठकीच्या दिवशी पाहुणे आले की मी घरीच थांबायचे आणि मनात धुमसायचे. गप्प बसणं म्हणजे समजूतदारपणा नव्हे, आणि आदळआपट म्हणजे ठामपणा नव्हे. समोरच्याचा मान राखून आपलं म्हणणं स्पष्ट सांगणं, हा खरा ठामपणा.

हे शहरातल्या शिकलेल्या बायकांचं काम, असं वाटतं? मग आपल्याच जिल्ह्याकडे बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा हादरला. पुढे घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यांना तयार केलं. चारचौघांत न बोलणाऱ्या या बायका गाव आणि सरकारी अधिकारी यांच्यातला दुवा बनल्या. दुष्काळाच्या काळात याच संस्थेच्या साथीने बायकांनी घरच्यांकडे अर्धा-एक एकर जमीन मागितली, घरच्या खाण्यापुरती भाजी, डाळी, धान्य पिकवायला. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. त्या मागणीत काय होतं? सगळं शेत नाही मागितलं. किती हवं आणि कशासाठी, एवढंच नेमकं सांगितलं.

आपणही असंच करूया. आरोप न करता घडलेलं सांगा. "तुम्ही माझं कधीच ऐकत नाही" म्हणण्यापेक्षा "काल मी बोलत होते आणि तुम्ही उठून गेलात, मला वाईट वाटलं. आज दहा मिनिटं बसा" असं म्हणून बघा. नाही म्हणताना सबबी सांगू नका, सबबीवर समोरचा लगेच तोडगा काढतो! उत्तर सुचत नसेल तर "उद्या सांगते" म्हणा. ऑफिसात ऐनवेळी काम आलं तर विचारा, "साहेब, हे करते, पण मग आधीचा अहवाल उद्यावर जाईल. कोणतं आधी करू?"

मात्र घरात मारहाण होत असेल, तर गोड बोलून प्रश्न सुटेल या आशेवर राहू नका. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

आमच्या मैत्रिणीने चार दिवस घोकून शेवटी जावेला सांगितलं, "अक्का, तुमच्यावर राग नाही माझा. पण हप्ता ५ तारखेच्या आत आणून द्या. आणि पुढचं कर्ज तुमच्या नावावर घ्या."

आठवडाभर अबोला झाला. ५ तारखेला पैसे आले, पण निम्मेच. "निम्मे तर निम्मे, ताई," ती हसत म्हणाली, "पण रात्री झोप लागली बघा!"