तीन उन्हाळ्यांचा सदका

1 जुलै 2016 हा रमजानचा शेवटचा शुक्रवार होता, म्हणजे जुमातुल विदा. त्याच दिवशी राज्यभर एकाच वेळी 2 कोटी झाडे लावण्याची सरकारी मोहीम होती. आणि लातूरकर त्या रमजानमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पीत होते. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, तेव्हा तिला 10 वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर पाणी होते. घागरीभर पाण्याची किंमत काय असते, हे त्या वर्षी प्रत्येक घराला कळले. तिथे कोण रोजदार आणि कोण नाही, हा प्रश्नच नव्हता.

पुढच्या वर्षांत लक्ष्य वाढत गेले. आधी 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी. तरीही लातूर जिल्ह्याचे वनक्षेत्र आजही एक टक्क्याच्या आतच आहे. नांदेडला किनवट आणि माहूरच्या जंगलाचा आधार आहे. पण मुखेड-कंधारच्या माळावर उभे राहिले, तर दृश्य लातूरसारखेच दिसते. खड्डे आहेत, रोपे नाहीत. जिथे रोपे तगली, तिथे बऱ्याचदा गिरिपुष्प दिसते. ते लवकर वाढते आणि जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. लावणाऱ्याला ही सोय वाटते, पण माळाला त्यातून फारसे काही मिळत नाही.

कोणते झाड लावावे, याची एक साधी कसोटी इस्लामच्या शिकवणीत सापडते. कोणी झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणजे दान ठरते, असे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. यात पाखरू आणि जनावर माणसाच्या बरोबरीने येतात, हे महत्त्वाचे. ही कसोटी लावली की यादी आपोआप तयार होते. बोर, बाभूळ, हिवर, कडुलिंब, पळस, करंज, खैर, धावडा. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात, बोरावर पोरेही जगतात आणि पाखरेही. पळस फुलला की मधमाश्या आणि साळुंक्यांची झुंबड उडते. नाल्याच्या कडेची काटेरी शिंदी आपण तोडून टाकतो. इफ्तारच्या दस्तरखानावरच्या खजुराची ती सख्खी बहीण आहे, आणि नाल्याचा काठ धरून ठेवते ती वेगळेच.

परदेशी म्हणजे वाईट, असा याचा अर्थ नाही. बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ मूळचे अमेरिकेकडचे. पण ते इथल्या मातीत रुजले, इथल्या तोंडी बसले. प्रश्न पासपोर्टचा नाही, कोणाचे पोट भरते याचा आहे.

तरी नवे रोप आणण्याआधी जुने वाचवणे स्वस्त पडते. वरवर उजाड दिसणाऱ्या माळात पळसाची, बोराची, हिवराची मुळे जिवंत असतात. दर पावसाळ्यात ती फुटतात आणि दर हिवाळ्यात कुऱ्हाड किंवा शेळी त्यांना पुन्हा जमिनीबरोबर करते. एखादा शेतकरी पडीक एकराला हात न लावता तीन वर्षे राखू शकला, तर आधी कुसळी, पवना, मारवेल अशी गवते येतात. मग माती धरली जाते आणि खोडांना धुमारे सुटतात. बियांसाठीही लांब जायला नको. चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथचे बेट वनौषधींसाठी प्रसिद्ध आहे, आणि गावोगावच्या देवस्थानांजवळ जुनी झाडे आहेत. कब्रस्तानांतही आहेत. शब-ए-बरातच्या आधी कब्रस्तानची सफाई होते. तेव्हा जेसीबी बोलावून बोर आणि हिवरही काढले जातात आणि त्या जागी गुलमोहर लावला जातो. सफाई जरूर व्हावी. पण कचरा कोणता आणि झाड कोणते, एवढे पाहणारा एक माणूस यंत्रासमोर उभा राहिला तरी पुरे.

अडचण खरी आहे ती दुसरीकडे. माळ राखायचा तर चराई बंद करावी लागते, आणि शेळ्या असतात त्या भूमिहीनाच्या. राखणाऱ्याचे पुण्य आणि शेजाऱ्याची उपासमार, असा सौदा झाला तर कुंपण फार काळ टिकत नाही. टिकू नयेही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने यावर वाट काढली. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले, आणि पुढे गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. पण गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवली. जनावर माळावर गेले नाही, तरी माळाचा चारा गोठ्यात आला. आपल्याकडे गायरान राखताना गवताचा पहिला भारा शेळीवाल्याचा, एवढे आधी ठरले पाहिजे.

इस्लामी कायद्यात ‘इहया-ए-मवात’ नावाचे एक तत्त्व आहे. मेलेली, म्हणजे कोणी कसत नसलेली जमीन जो जिवंत करतो, त्याचा तिच्यावर हक्क ठरतो. दुसरे खलिफा हजरत उमर (र.) यांनी त्याला मुदत घातली. नुसते दगड मांडून हद्द आखली आणि तीन वर्षे जमीन तशीच ठेवली, तर हक्क संपला. योगायोग असा की मराठवाड्यातल्या रोपालाही तीनच उन्हाळे काढावे लागतात. त्यानंतर त्याची मुळे आपले पाणी आपण शोधतात. लातूर शहरात ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’चे स्वयंसेवक 2019 पासून रोज श्रमदान करतात. लावण्याइतकेच ते जगवण्यालाही जपतात, म्हणून त्यांचे काम डोळ्यांत भरते.

सध्या रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांचा हा पहिला उन्हाळा असतो. मशिदीत दिवसातून पाच वेळा वजूचे पाणी वाहते. त्यात साबण नसतो, पण ते गटारात जाते. एक पाइप आणि एक चर एवढ्या खर्चात ते चार-सहा लिंबांना पुरते. हीच सोय मंदिराच्या, गुरुद्वाराच्या आणि शाळेच्या नळाखालीही करता येते.

ज्या गावाने पाण्यासाठी रेल्वेची वाट पाहिली, त्या गावाला रोजा शिकवावा लागत नाही. कुऱ्हाड थांबवणे, चराई थांबवणे, घाई थांबवणे, हाही संयमच. ईदनंतर जूनमध्ये खड्डा खणायला पुष्कळ हात येतील. तिसऱ्या उन्हाळ्यात घागर घेऊन जो जाईल, सदका त्याच्या नावे लिहिला जाईल.