काळ्या रंगाला पन्नासात तीन गुण

मावसभाऊ ब्रसेल्सहून आला तो स्वेटरात गुंडाळून रोशफोर १० या बेल्जियन बिअरच्या दोन बाटल्या घेऊन. बाटली एवढीशी, ३३० मिलीची, आणि वाटेकरी चौघं. बिअर म्हटली की आपला हात आपोआप फ्रीजरकडे जातो, तसा तो गेला. तासाभराने ओतली. रंग काकवीचा, वर तपकिरी फेस. तेवढ्यावरच निकाल लागला. "कडू असणार." "गोडमिट्ट असणार." "लय जड असणार." पहिल्या घोटाला मात्र गारव्यापलीकडे कसलीच चव लागली नाही. मग गप्पा रंगल्या, ग्लास तसेच राहिले आणि वीसेक मिनिटांनी मावशी टेबल आवरता आवरता म्हणाली, "काळ्या मनुका भिजत घातल्यात का रे कुणी?" मावशीने जन्मात बिअरला तोंड लावलेलं नाही. त्या संध्याकाळचं सगळ्यात अचूक परीक्षण तिचंच होतं.

कडूपणापासून सुरुवात करू. काळी बिअर म्हटली की डोळ्यांपुढे स्टाउट येते. तिचा काळेपणा कॉफीच्या बियांसारख्या करपेपर्यंत भाजलेल्या धान्याचा, म्हणून तिला तो कडवट, जळका सूर असतो. रोशफोर १० ही बेल्जियमची गडद एल, म्हणजे उबदार तापमानाला आंबवलेली बिअर. तिच्यात असा सूर लागला तर परीक्षक भुवया उंचावतो. इथला रंग बऱ्याच अंशी साखरेचा असतो, शिजवून शिजवून गडद केलेल्या पाकाचा. या साखरेला तिकडे 'कांडी' म्हणतात. हा शब्द फारसी-अरबीतून फिरत गेलेला आपला 'खंड', म्हणजे खडीसाखरेच्याच घरचा. तिचे तपकिरी खडे घातले की बिअर काळी होते, असंही पुष्कळांना वाटतं. खड्यांनी फारसं काही होत नाही. रंग आणि मनुका-खजुराची चव देतो तो पाक.

एवढी साखर म्हटल्यावर गोडमिट्ट असणार, हा अंदाज अगदी साहजिक आणि अगदी उलटा. माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या काही शर्करा यीस्टला पचत नाहीत. त्या बिअरमध्ये उरतात, तिला अंग देतात, गोडी देतात. साधी साखर मात्र यीस्ट फस्त करतं. तिचं अल्कोहोल होतं, वायू होतो, मागे जडपणा राहत नाही. तेवढीच ताकद नुसत्या माल्टवर आणायची तर बिअर पाकासारखी चिकट होईल. म्हणजे इथे साखर घालायची ती बिअर कोरडी व्हावी म्हणून! त्यातून बाटलीत भरताना पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट जातं, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होतं आणि बारीक, जोरकस बुडबुडे तयार होतात. चांगल्या गडद एलचा घोट जिभेवर आधी फुलतो, गोडसर वाटतो आणि गिळता गिळता कोरडा होऊन जातो. तिकडचे ब्रुअर अशा बिअरला कौतुकाने 'पचणारी' म्हणतात. मला ही कसोटी फार आवडते. अर्ध्या ग्लासात तोंड मिटलं, तर बाकी कितीही थाट असो, बिअर फसली.

मग मनुका आल्या कुठून? बाटलीत मनुका नव्हत्या, अंजीर नव्हतं, लवंगही नव्हती. रोशफोरमध्ये मसाला म्हणाल तर थोडे धने पडतात, बस. बाकीची करामत थोडी त्या पाकाची आणि पुष्कळशी यीस्टची. उबदार तापमानाला आंबवलं की बेल्जियन यीस्ट एस्टर तयार करतं, ज्यांना पिकल्या फळांचा वास येतो, आणि फिनॉल तयार करतं, ज्यांना लवंग-मिऱ्याचा. यीस्ट म्हणजेच सगळं, असंही मात्र नाही. बिअर बनवणारे वेस्टव्लेटरेन मठातले साधू आपलं यीस्ट वेस्टमालेच्या मठातून आणतात, तरी दोन्हीकडच्या बिअर ओळखू येण्याइतक्या वेगळ्या लागतात.

साधूंचा विषय निघाला की भक्तिभाव येतोच. 'ट्रॅपिस्ट' हा बिअरचा प्रकार नव्हे, ती उगमाची खूण आहे: मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनवलेली, नफा मठाच्या निर्वाहाला आणि दानधर्माला. १९९७ साली स्थापन झालेली त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ही मोहोर देते. ती मिळालेली वेस्टमाले ट्रिपेल सोनेरी आहे, तर मठाशी संबंध नसलेल्या ब्रुअरीही उत्तम गडद एल करतात.

नावांचा घोळ वेगळाच. डुबेल म्हणजे दोनदा आणि क्वाड्रुपेल म्हणजे चारदा आंबवलेली नव्हे. ती ताकदीची चढती पायरी आहे. 'क्वाड्रुपेल' तर १९९१ सालचं नाव, आणि तेही नेदरलँड्समधल्या ला ट्रापचं. रोशफोरवरचा १० हा आकडाही टक्केवारी नाही. आंबण्यापूर्वीच्या गोड रसाची घनता मोजायचे जुने बेल्जियन अंश असत, त्यातून तो आला. त्या बिअरमध्ये अल्कोहोल आहे ११.३ टक्के. रंगावरून ताकद ठरवाल तर दोन्हीकडून फसाल: काळीकुट्ट गिनेस ४.२ टक्क्यांची, सोनेरी ट्रिपेल ९.५ची. आणि "एवढीशी तर बाटली" म्हणणाऱ्यांनी गुणाकार करावा. रोशफोर १०च्या ३३० मिलीत सुमारे ३७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं; आपल्याकडच्या ६५० मिलीच्या ५ टक्केवाल्या बाटलीत साडेबत्तीस.

अमेरिकेतल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची गुणपत्रिका पन्नास गुणांची असते. वासाला १२, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकूण परिणामाला १०. रंग, पारदर्शकता आणि फेस, सगळ्यांना मिळून ३. आमचा अख्खा वाद या तीन गुणांवर चालला होता.

वाटतं तसं "जुनी तितकी भारी" हेही सरसकट खरं नाही. ताकदवान गडद एल मुरते, शेरीसारखी छटा येते, ते चांगलंच. पण प्राणवायूने बिघडलेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, आणि उष्णतेत हा बिघाड झपाट्याने होतो. आपल्या मे महिन्यात कपाटावर ठेवलेली बाटली मुरत नसते. नाकात स्पिरिटसारखं झोंबणारं अल्कोहोल हाही दोषच. ऊब जाणवावी, ती घशाखाली.

दुसरी बाटली पुढच्या रविवारी रीतसर उघडली. फ्रीजच्या दारातून अर्धा तास आधी काढली, म्हणजे साधारण १२-१३ अंशांवर आली असावी. रुंद तोंडाचे ग्लास घेतले, हळू ओतली, तळाचा साका बाटलीतच ठेवला. (तो यीस्टचा असतो, बाधत नाही, पण ढवळला की चव पिठूळ होते.) आधी वास घेतला, घोट गिळल्यावर नाकाने श्वास सोडला, कारण निम्मी चव तिथेच कळते. मी ४१ गुण दिले, मावसभावाने ४४. तो म्हणे शेवट पुरेसा कोरडा आहे, मला अजून हवा होता. मावशीला ग्लास नुसता हुंगायला दिला. "अंजीर," ती म्हणाली, "आणि मागून लवंग." चव बघ म्हटलं, तर ग्लास परत माझ्या हातात.